गावच्या जावयाचा नारळ

१ जानेवारी १९७८, पिंपरी

ही डायरी विकत घेतलेली आहे. पहिल्याच पानावर लिहून ठेवते, नाहीतर उद्या कुणी म्हणेल, जज्जाच्या बायकोला कंपनीनं दिली.

शेजारच्या शालनबाईंकडे दर वर्षी कंपन्यांच्या ढीगभर डायऱ्या येतात. एकीत त्या दुधाचे खाडे लिहितात, बाकीच्यांत पोरं मिश्या काढतात. आमच्याकडेही परवा एक माणूस घेऊन आला होता. रेक्झिनची, सोनेरी अक्षरांची. ह्यांनी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि डायरी परत दिली. तो बिचारा म्हणाला, "साहेब, सगळ्यांनाच देतो हो." हे म्हणाले, "मग सगळ्यांत एक कमी." मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला हवी होती ती. मग शिलाईच्या पैशांतून ही घेतली. रेक्झिन नाही, पण पानं जाड आहेत.

डायरीबाई, तू नवी आहेस म्हणून ओळख करून देते. मी कस्तुरा ओव्हाळ, सातवी फायनल पास. हे म्हणजे भीमराज ओव्हाळ, पुण्याच्या कोर्टात जज्ज. सरकारी बंगला मिळाला नाही म्हणून पिंपरीत भाड्यानं राहतो. हे रोज लोकलनं शिवाजीनगरला जातात, बहुतेक उभ्यानं. कॉलनीतले मोठे साहेब मोटारीत बसा म्हणून मागे लागतात, पण ह्यांचं उत्तर ठरलेलं, "उभं राहायची सवय चांगली." आमची सुजाता नागपूरला होस्टेलवर असते, त्यामुळे भांडायला घरात आम्ही दोघंच.

९ जानेवारी

दर वर्षी ह्यांना सरकारला लिहून द्यावं लागतं, घरात काय काय आहे ते. जमीन, घर, सोनं, बायकोच्या नावचं असेल ते. आज चष्मा लावून बसले आणि मला आरोपीसारखं समोर बसवलं.

"डोरलं किती वजनाचं?"

"तुम्ही घातलंत गळ्यात, तुम्हीच सांगा."

"मशीन कुठल्या साली घेतलं?"

"अहो, कोंबड्या पण लिहा की! एक खुडूक बसलीय, तिचं वेगळं लिहा."

हसले. हसले की चांगले दिसतात, पण कोर्टात कुणाला ठाऊक नसावं. मग एकदम म्हणाले, "चिखलीच्या जमिनीत तुझा हिस्सा किती?"

आता मला हसू आलं. चिखली माझं माहेर. तिथं आमच्या वडिलांचा, म्हणजे दादांचा, वतनाचा तुकडा. पुढच्या पिढीला वतन म्हणजे काय तेही सांगावं लागेल. गावाचे निरोप पोचवायचे, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं पळायचं, मेलेली ढोरं ओढायची, आणि त्याबदली हे रान. मी म्हटलं, "आमच्यात पोरींना कुठं जमीन असते? साडीचोळी असते."

"दादा कधी वारले?"

"अडुसष्ट साली. तुम्हीच खांदा दिलात."

"मग कायद्यानं हिस्सा आहे. नाव लागलंय का ते बघायला हवं."

माझा धाकटा भाऊ किसन संध्याकाळी शिफ्ट सुटल्यावर आला होता, त्याला विचारलं. तो म्हणाला, "छ्या दाजी, आक्काचं नाव कुठलं तिथं? मी बघितलंय ना." झालं तर मग. पण ह्यांना दुसऱ्याचं बघितलेलं चालत नाही.

१५ जानेवारी

संक्रांतीचं वाण म्हणून शालनबाईंनी स्टीलची वाटी दिली. ह्यांनी विचारलं, "त्यांच्या यजमानांच्या कंपनीचं काही कोर्टात आहे का?" मी म्हटलं, "वाटी त्यांच्या भिशीतली आहे, कंपनीतली नव्हे!" ठेवली एकदाची. मात्र शालनबाईंना मी त्याच मापाची वाटी परत द्यायची, असं ठरलं. कपाळावर हात मारून घेतला.

१९ जानेवारी

आज हे रजा काढून चिखलीला तलाठ्याकडे जाऊन आले. दारात चपला काढता काढता म्हणाले, "कस्तुरा, तुझं नाव आहे."

"कुठं?"

"जमिनीला. मालक म्हणून."

माझं नाव शाळेच्या पटावर होतं, रेशनकार्डावर आहे, तिथं पुढं 'पत्नी' असं लिहिलंय. पण जमिनीला? किसनला एवढं कसं दिसलं नाही? घाईत असेल पोरगा, शिफ्टच्या धावपळीत. ह्यांनी विवरणात नवी ओळ लिहिली, 'पत्नीचा अविभक्त हिस्सा, मौजे चिखली', आणि वाचून दाखवली. मी म्हटलं, परत वाचा. परत वाचली. तिसऱ्यांदा सांगायची लाज वाटली.

३ फेब्रुवारी

घरात पाय ठेवायला जागा नाही. सगळीकडे वतनाच्या कायद्याची पुस्तकं. दिवाळीपासून हेच चाललंय. आमच्या लोकांच्या वतनाच्या जमिनी, दादांच्या बऱ्याचशा रानासकट, सरकारी संपादनात गेल्या, त्यांना शेजारच्या रानापेक्षा निम्मा मोबदला मिळाला. का, तर त्या 'नव्या शर्तीच्या' म्हणे, म्हणजे सरकारला विचारल्याशिवाय विकता न येणाऱ्या. बांध एकच, माती एकच, आणि शर्त नवी! असले दावे आता ह्यांच्या कोर्टात लागायचेत. ह्यांनी म्हणे स्वतःहून मागून घेतलं हे काम. ह्यांचे वडील ह्यांच्या गावी, कुरुळीच्या चावडीबाहेर उन्हात बसायचे, कुणी हाक मारीपर्यंत. हे पोर असताना भाकरी घेऊन जायचे. एवढं एकदाच सांगितलं होतं लग्नानंतर, पुन्हा कधी विषय नाही. आज जेवताना मात्र घास हातात धरून म्हणाले, "ही शर्त नीट कुणी अजून वाचलेलीच नाही, कस्तुरा." मी म्हटलं, "आमटी निवतेय."

१० फेब्रुवारी

आज हे दुपारच्याच लोकलनं आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "चिखलीचे दावे आले आज माझ्याकडे."

मी टाळ्या वाजवायचीच बाकी होते. "अहो मग चांगलं झालं की! आता बघा म्हणावं."

"मी जिल्हा न्यायाधीशांना लिहून दिलं. माझ्या पत्नीचा या जमिनीत हक्क आहे, दावे दुसऱ्या कोर्टाकडे द्यावेत."

"कधी दिलं?"

"फाइल उघडली तेव्हाच. तारीखसुद्धा दिली नाही मी."

मला विचारलंसुद्धा नाही! हक्क माझा, आणि विचारलं कुणाला? मी म्हटलं, "तुमच्यासारखा दुसरा जज्ज त्या लोकांना मिळणार आहे का? एवढं वाचलंत कशासाठी?" ह्यांनी टिपणांचे कागद गोळा केले, सुतळीनं बांधले आणि माळ्यावर टाकले. "नव्या जज्जसाहेबांना तरी द्या," मी म्हटलं. "नाही," म्हणाले, "ते त्यांचं वाचतील." जेवले नाहीत. पोट बरं नाही म्हणाले, म्हणून ओव्याचं पाणी करून दिलं. दुपारी कोर्टात काहीतरी तेलकट खाल्लं असणार.

१२ फेब्रुवारी

किसन पोतंभर ढाळे घेऊन आला. हिरवेगार, टचटचीत हरभरे. दारातूनच ओरडला, "दाजी, अख्खी चिखली नाचतीया! घरचाच न्याय हाय म्हणत्यात. बामणवाड्यापासून आपल्या वस्तीपतुर सगळे तुमचंच नाव घेत्यात."

ह्यांनी त्याला बसवून शांतपणे सगळं सांगितलं. किसनला आधी कळेचना. मग म्हणाला, "आवो पण आक्काचं नाव तुमच्याशिवाय कुणाला ठावं? तुमी गप बसला असता तर कोण बोललं असतं?"

"मी गप बसलो असतो, हेच मला ठाऊक असतं ना," हे म्हणाले. "आणि किसन, दावा संपेपर्यंत चिखलीहून काही आणू नकोस. हे पोतं परत ने."

भावानं आणलेले ढाळे परत! असला न्याय मी ऐकला नव्हता. किसन पोतं खांद्यावर टाकून निघाला तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीन घाटे खाली पडले होते, ते हे गेल्यावर मी सोलून खाल्ले. लिहून ठेवते, सरकारला कळवायचं तर कळवा म्हणावं.

१८ फेब्रुवारी

आजचं लिहावंसं वाटत नाही, तरी लिहिते.

किसन आज कागद घेऊन आला. हक्कसोड. बरोबर डाळिंबी रंगाची साडी, खण, सगळं. वकिलानं सांगितलं म्हणे, आक्कानं हक्क सोडला की दाजींचा संबंध सुटला, मग दावे त्यांच्याकडंच राहतील. केवढी युक्ती! मला वाटलं, हा पोरगा साऱ्या गावासाठी किती धडपडतोय. पेन घेतलं.

हे खुर्चीतून म्हणाले, "सही तुझी, हक्क तुझा. मी हात धरणार नाही. पण सही केलीस तरी दावे मी ऐकणार नाही. कागदावर सही केली म्हणून किसन तुझा भाऊ असायचा राहत नाही."

मी पेन खाली ठेवलं. सरळ हिशेब आहे. "किसन, मग सही करून दाव्याला उपयोग काय? राहू दे सध्या."

"आता आणलाच हाय कागद तर करून टाक की आक्का. तुला काय करायचीय जमीन?"

"अरे पण घाई काय? दावा संपू दे. मग करू."

त्याचा चेहरा असा बदलला की मी घाबरले. "नवऱ्यानं शिकिवलं व्हय तुला? बरं हाय. आजपासून तुजं म्हायार संपलं. चिखलीची वाट धरू नको. ते घर माजं हाय, आन् माज्या दारात तू यायचं न्हाई." साडी उचलली, खण उचलला आणि गेला.

तो गेल्यावर मी ह्यांना नाही नाही ते बोलले. तुम्हाला भाऊ नाही, बहीण नाही, तुम्हाला काय कळणार, असंही बोलले. हे ऐकत राहिले. दाव्याच्या काळजीनं किसनचं डोकं फिरलंय, दुसरं काय. पण त्यानं हा शब्द उच्चारायला नको होता. आई तिथं आहे माझी. सोजरबाईची लेक चिखलीला जायची नाही म्हणजे काय?

२६ फेब्रुवारी

आज तर कहर झाला. चिखलीहून तात्याबा आले, पाच-सहा माणसं, शाल आणि नारळ घेऊन. तात्याबा म्हणजे गावातले जुने, मोठे शेतकरी. त्यांचंही रान संपादनात गेलंय. अजून ह्यांनी दावे सोडल्याची बातमी त्यांच्यापर्यंत नीट पोचली नव्हती, किंवा पोचूनही समजूत काढायला आले होते. म्हणाले, "आमच्या गावचे जावई तुमी. गावाचा मान घ्या."

गावचे जावई! आमच्या लग्नात ह्यांना तहान लागली, तेव्हा याच तात्याबांच्या ओसरीवरून ओंजळीत वरून पाणी ओतलं होतं. तेव्हा कुठला जावई आणि कुठलं गाव. मी दाराआड उभी राहून दातओठ खात होते.

ह्यांनी नारळ दोन्ही हातांत घेतला, बघितला आणि हसून म्हणाले, "तात्याबा, उशीर केलात. या कामातून मीच मला नारळ दिलाय."

बरोबरची कंपनीत जाणारी पोरं खो खो हसली. तात्याबांना कळेना. एकानं सांगितलं, "आवो तात्या, कामावरनं काढत्यात तवा नारळ देत्यात न्हवं? सायबानं सोताला काढलंय दाव्यातनं."

"मंग आमाला न्याय कोन देनार?"

"दुसरे जज्ज देतील. तेही जज्जच आहेत."

"पर तुमी आपले हाय."

"म्हणूनच," हे म्हणाले, आणि नारळ त्यांच्या हातात परत ठेवला. शालीला हातही लावला नाही.

फाटकापाशी पोचल्यावर तात्याबा मुद्दाम मोठ्यानं बोलले, "कुऱ्हाडीचा दांडा गोताला काळ!"

मग मात्र मला राहवलं नाही. पदर खोचून अंगणात आले. "तात्याबा, ओंजळीत पाणी ओतत होता तेव्हा हे गोत कुठं गेलं होतं?" तात्याबा मान खाली घालून गेले. घरात आले ती ह्यांची बोलणी खायच्या तयारीनंच. हे म्हणाले, "चहा आहे का अजून?" दुसरा कप कधी घेत नाहीत एरवी.

२० मार्च

किसन नाही, निरोप नाही. आईचाही नाही. ती अंगठेबहाद्दर, ती कुठून पत्र धाडणार! शालनबाई विचारत होत्या, "तुमचा भाऊ दिसत नाही हल्ली?" मी म्हटलं, ओव्हरटाइम चालू आहे. दावे नव्या जज्जसाहेबांकडे गेले, एवढंच समजलं. ते कोण, कसे, मी विचारलं तर हे म्हणतात, "त्यांच्याबद्दल मी बोलू नये." बोलू नये तर बोलू नये. भिंतीशी बोलते मी.

१४ एप्रिल

जयंती. दर वर्षी पिंपरीतल्या वस्तीच्या कार्यक्रमाला ह्यांना स्टेजवर बोलावतात. यंदा बोलावलं नाही. तरी गेले, मलाही घेऊन गेले. मागं, खांबाशी उभे राहिलो. कुणीतरी भाषणात टोमणा मारलाच, शिकून मोठे होतात आणि आपल्या माणसांचा दावा हातचा सोडतात म्हणून. लोकांनी मागं वळून बघितलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि हे टाळ्या वाजवत होते! भाषण संपल्यावर सगळ्यांबरोबर, मनापासून.

घरी येताना मी म्हटलं, "तुम्हाला काही वाटत नाही का हो?" म्हणाले, "पोरगा बोलला चांगलं. त्याला ठाऊक नाही त्यात त्याचा काय दोष." असा माणूस माझ्या वाट्याला आला, आणि खरं सांगू का डायरीबाई, त्या खांबाशी उभी असताना मला त्याचा राग आला होता तेवढाच अभिमान वाटत होता. कुणाला सांगता येत नाही म्हणून इथं लिहिते.

२१ मे

आज किसनच्या थोरलीचं लग्न झालं. मी आत्या. मला पत्रिका नाही.

शालनबाईंच्या कामवालीकडून कळलं, ती चिखलीची. मांडव मोठा आहे म्हणाली. या पोरीला मी न्हाऊमाखू घातलंय, पहिलं झबलं मी शिवलं तिचं. हे सकाळीच म्हणाले, "तू जा. मी बसपर्यंत सोडतो."

"बिनबोलावणं? कुणाच्या घरी? 'माझ्या दारात येऊ नको' म्हणालाय तो."

मग दुपारी रडू आवरेना. ताट लोटून दिलं. म्हटलं, "तुमच्या एका कागदानं माझं माहेर गिळलं." हे म्हणाले, "हो." बस, एवढंच. निदान उलट बोलायचं तरी! मी भांडू कुणाशी?

कोर्टाला सुट्टी आहे तरी दिवसभर कुठं गेले नाहीत. माझ्या मशीनला तेल घातलं, पट्टा बदलला, मग अंगणात जाऊन बसले. चष्म्याला काय झालंय कोण जाणे, सारखा पुसत होते. इथं धूळ फार, कंपन्यांच्या ट्रकांची.

२ जुलै

आई आली!

रविवार, सकाळी दहाची वेळ. फाटक वाजलं म्हणून बघते तर आई, एकटी, डोक्यावर पदर, हातात काही नाही. लेकीच्या घरी कधी रिकाम्या हातानं आली नाही बाई. काही नाही तर मूठभर शेंगा तरी पदरात असायच्या. मी गळ्यात पडले. तिनं दोन्ही तळहात पुढं करून दाखवले. "बघ बाई, काय सुदिक आणलं न्हाई. जावईबापूस्नी सांग, निस्ती म्हातारी आलीया." हे आतून हसत बाहेर आले. तिनं नेहमीसारखा पदर पुढं ओढला आणि जमिनीवर बसली. ह्यांच्यासमोर ती खुर्चीत बसत नाही.

चहा झाल्यावर बोलायला लागली. सुनावणीला किसन तिलाही पुण्याला घेऊन गेला होता, अंगठ्यासाठी. कोर्टात सरकारचा वकील उठला आणि म्हणाला, हे दावे आधी ज्या जज्जांकडे होते ते याच गावचे जावई, तेव्हा यांत काय काय शिजलंय ते बघावं लागेल.

"माजं तर पानी पानी झालं. मला वाटलं, आता बुडालं समदं. मंग ते नवं सायेब म्हनले, थांबा. आन् त्येंनी जावईबापूंचा कागूद काडला. ज्या दिशी फाइल आली त्याच दिशीचा हाय म्हनले. वाचला, मोठ्यानं. भर कोर्टात. 'माज्या पत्नीचा, कस्तुरा हिचा, या जमिनीत हक्क हाय.' वकील खाली बसला गं! येक सबूद न्हाई निगाला त्याच्या तोंडातनं. तात्याबा शेजारीच हुते, त्येंनी टोपी काडली डोईची."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे कपातला तळाचा चहा बघत होते.

"निकाल लागायचाय आजून," आई म्हणाली. "लागंल तवा लागंल. पर मी त्यासाटनं न्हाई आले." मग थांबली. पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "कस्तुरे, तुजं नाव हाय, तुज्या बापाच्या माघारी लागलेलं. मंग... माजं बी आसंल का गं? मी तर त्येची बायकू. जावईबापूंना इचार की."

ते तिथंच बसलेले, तरी तिनं मलाच विचारायला सांगितलं. आणि मी! एवढे महिने माझं नाव, माझा हक्क, माझं माहेर करत बसले, आणि आईचं नाव असेल का हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ह्यांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता म्हणणार, दाव्याबद्दल मी बोलू नये. तेच म्हणाले. आईचा चेहरा पडला. मग म्हणाले, "पण आई, जमिनीला कुणाचं नाव आहे हे चावडीत कुणालाही विचारता येतं. त्याला जज्ज लागत नाही, जावई लागत नाही. उद्या जा आणि विचारा. विचाराच."

"मी? चावडीत? कस्तुरे, तुज्या बापाचा जल्म पायरीखाली गेला, मी कशी वर चढू?"

"मी येते," मी म्हटलं.

३ जुलै

सकाळच्या बसनं आम्ही दोघी चिखलीला गेलो. चावडीच्या पायऱ्यांपाशी आईचा पाय अडला. मी तिचा दंड धरला. ती म्हणाली, "सोड, मी चढते." आणि चढली.

तलाठी तरुण होता. आईनं सांगितलं, "आमच्या रानाला कुनाकुनाची नावं हायती ते वाच." गेलेलं रान वेगळं आणि उरलेला तुकडा वेगळा. उरलेल्यातच घर उभं आहे. त्यानं दप्तर काढलं आणि वाचलं. पहिलं नाव, सोजरबाई. मग किसन. मग कस्तुरा.

"घर हाय त्या तुकड्याला बी?"

"व्हय आजी, त्यालाही."

"परत वाच."

त्यानं परत वाचलं. आई म्हणाली, "आजून एकदा वाच रं बाबा." तिला लाज वाटली नाही, आणि मलाही वाटली नाही. त्यानंही कुरकुर केली नाही, पोरगा चांगला होता. मग आई माझ्याकडे वळली. डोळे भरलेले, पण आवाज असा की चावडीबाहेरच्या माणसांनी माना वळवल्या.

"चल घरी. जेवून जा. किसन्या कोन तुला दारात येऊ नको म्हननारा? घर माजं हाय."

गेलो. आईनं चुलीवर भाकऱ्या टाकल्या, मी पिठलं केलं. वहिनी आधी बावरली, मग तिनं कांदा चिरायला घेतला. तीनच्या सुमाराला किसन पहिली शिफ्ट करून आला, माझ्या चपला बघून दारातच थांबला. आई चुलीसमोरून न उठता म्हणाली, "आक्का आलीया. हात धू आन् बस." तो उभा राहिला. मग हात धुतले आणि बसला. पिठलं दुसऱ्यांदा घेतलं, आणि ते मी केलंय हे चवीवरून त्याला कळलं असणारच.

निघताना आईनं ढीगभर भाकऱ्या, चटणी, शेंगा फडक्यात बांधून माझ्या हातात दिल्या. मी गाठोडं परत चुलीपाशी ठेवलं.

"नको आई. दावा चालू आहे."

"आगं जेवलीस की पोटभर आत्ता!"

"ती माझ्या हिश्श्याची भाकरी होती. बांधून नेली तर ती तुमच्या हिश्श्याची."

आई माझ्याकडे बघतच राहिली. मग कपाळावर हात मारला आणि किसनला म्हणाली, "बघ रं, एक जज्ज कमी हुता म्हनून आता दोन झालं." किसनच्या ओठांचा कोपरा हलला. मला बसपर्यंत सोडायला आला तो. वाटेत एवढंच बोलला, "दाजींना जयभीम सांग."

घरी आले तर हे अंगणातच होते. मी सांगितलं. कुणाचा जयभीम, ते दोनदा विचारलं त्यांनी.